दुसऱ्याची ओ

१

लाकूडतोडीच्या त्या टोळीत नावाने हाक मारायची पद्धत नव्हती. जंगलाच्या फाटकाच्या आत पाऊल पडलं की नाव नाही आणि नातंही नाही, ज्याचं जे काम तीच त्याची ओळख. करवत चालवणारा तो करवतवाला, ओंडक्यांची साल काढणारी ती सालवाली मावशी, झाड हवं तिकडेच पडावं म्हणून त्याला वर दोर बांधून ओढ लावणारा तो दोरवाला. आणि दिवसभर एका बुंध्यावर मांड ठोकून करवतींच्या दात्यांना कानशीने धार लावत बसणारा तो धारवाला. आपली गोष्ट या धारवाल्याची आहे. माणूस वाईट नव्हता हो. जिभेने तिखट, कामाला चोख, आणि स्वतःवर भलताच खूश.

संध्याकाळी काम आटोपलं की सगळे ट्रकमध्ये ताडपत्रीखाली चढून बसायचे आणि मग पुकारा व्हायचा. मुकादम फाटकाच्या आडव्या खांबापाशी उभा राहायचा, पाठ ट्रककडे, तोंड जंगलाकडे. एकेका कामाचं नाव घेऊन तो झाडांकडे बघत हाक मारायचा आणि मागून ट्रकमधून ज्याची त्याने ओ द्यायची, ‘आलो’. सगळ्यांच्या ओ आल्या की तो खांब खाली घालायचा आणि गाडी सुटायची. नियम एकच होता, दुसऱ्याची ओ आपण द्यायची नाही. तो झोपलेला असो, त्याचा घसा बसलेला असो, ढोसून उठवा हवं तर, पण ओ त्याच्याच तोंडून आली पाहिजे.

का, ते कोणालाच धड ठाऊक नव्हतं. जंगल चांगलं नाही अशी ख्याती होती आणि जेवढी तोंडं तेवढ्या गोष्टी. करवतवाला म्हणायचा, फार पूर्वी एक अख्खी टोळी आत राहिली, ती अजून झाडं तोडते आहे, फक्त झाडं पडत नाहीत. मावशी म्हणायची, आत एक बाई आहे, ती माणसाच्या मागून चालते, पण माणूस वळला की तीच घाबरून लपते. ड्रायव्हर म्हणायचा, कसलं भूत अन् कसलं काय, मुकादमाला आपली थोबाडं बघवत नाहीत म्हणून तो पाठ करून उभा राहतो. यावर सगळ्यांत मोठ्याने हसायचा तो धारवाला.

२

दोरवाला हा धारवाल्याचा मेहुणा, बहिणीचा नवरा. स्थळ त्यानेच आणलेलं. आईबाप लवकर गेले, धाकट्या बहिणीला त्याने स्वतः वाढवलं, आणि तिच्यासाठी मुलगा बघायची वेळ आली तेव्हा फार वणवण न करता त्याने टोळीतलीच एक गरीब गाय निवडली. त्याचं स्वतःचं लग्न जमलं नाही, की त्याने जमू दिलं नाही, देव जाणे. खालच्या खोलीत तो राहायचा, वरच्या दोन खोल्यांत बहीण आणि मेहुणा, आणि त्याचं जेवण वरच. घरी तो मेहुण्याला ‘जावईबापू, तुम्ही’ म्हणायचा आणि फाटकाच्या आत गेला की ‘ए दोरवाल्या’.

मेहुण्याच्या हाताला यश होतं. त्याची गाठ सुटली असं कधी कोणी पाहिलं नाही. दोर बांधून झाला की तो झाडावर तळहात थोपटायचा आणि खणखणीत आवाजात ओरडायचा, ‘ओढा हो!’ मगच करवत लागायची. फक्त सगळं सावकाश. उतरताना सावकाश, दोर गुंडाळताना सावकाश. धारवाला म्हणायचा, ‘आमचे जावईबापू स्वतःच्या लग्नातही शेवटच्या पंगतीला जेवले.’ मेहुणा हसायचा. त्याला राग कसा येत नाही याचाच धारवाल्याला राग यायचा.

त्या दिवशी टीव्हीवर फुटबॉलचा शेवटचा सामना होता आणि सकाळपासून टोळीचं कामात लक्ष नव्हतं. ट्रकमध्ये चढताना धारवाल्याने खिसे चाचपले. लाकडी मुठीची त्याची लाडकी कानस बुंध्यावर राहिली होती.

“ए दोरवाल्या, जा की रे पळत. तुझे पाय अजून तरुण आहेत.”

“आणतो की,” मेहुणा म्हणाला आणि सावकाश झाडांत शिरला.

तेवढ्यात मुकादम खांबापाशी आला आणि पुकारा सुरू झाला. ड्रायव्हरने एकदा उगीच हॉर्न वाजवला. करवतवाला झाला, मावशी झाली.

“दोरवाला!”

ओ आली नाही. कोणीतरी ‘च्च’ केलं. तो मागे राहिलाय म्हणून सांगितलं की गाडी थांबणार, मुकादम चिडणार, सामना निम्मा होणार, आणि सगळे म्हणणार की तुझ्याच कानशीपायी. धारवाला ताडपत्रीच्या कडेला, अगदी शेवटी बसला होता. त्याने तोंडापुढे हात धरला आणि म्हणाला, “आलो.”

मुकादम क्षणभर थांबला. वळला मात्र नाही.

“धारवाला!”

“आलो!”

खांब खाली आला आणि गाडी सुटली. शेजारी बसलेली मावशी हलक्या आवाजात म्हणाली, “अरे मेल्या, काय केलंस हे?”

“ट्रॅक्टर यायचाय ना मागून, मावशी. त्यावर बसून येईल ऐटीत, राजासारखा.”

बाकीच्यांनीही ऐकलं होतं. सगळ्यांनाच घर गाठायचं होतं, त्यामुळे कोणी काही बोललं नाही. ट्रॅक्टर दुपारीच ओंडके घेऊन खाली गेला होता. धारवाल्याने बुंध्यावर बसल्या बसल्या त्याला हात केला होता, आणि हे त्याला बोलतानासुद्धा आठवत होतं.

३

सामना त्याने पाहिला असं म्हणायचं एवढंच. गोल कोणी केला, खाल्ला कोणी, काही कळलं नाही. बहीण दोनदा जिन्यावरून खाली डोकावली.

“दादा, हे कुठे राहिले रे?”

“ट्रॅक्टरवरून येतायत, चिमणे. तू भाजी टाक फोडणीला, तोवर येतीलच.”

पुन्हा पुन्हा त्याच्या मनात येत होतं की उठावं, मुकादमाचं दार ठोठावावं, सांगून टाकावं. पण मग मुकादम विचारणार, ओ कोणी दिली? त्या प्रश्नापाशी तो दर वेळी खाली बसायचा आणि स्वतःला म्हणायचा, हा कॉर्नर झाला की उठू, एवढी फ्री किक झाली की उठू. बाहेर अंधारून आलं होतं आणि रस्त्यावरचे दिवे लागले होते.

मग जिन्यात पावलं वाजली. तीच सावकाश पावलं, एकेक पायरी मोजल्यासारखी. धारवाल्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. तो तसाच धावत वर गेला. मेहुणा उंबरठ्याबाहेर उभा होता, बूट चिखलाने भरलेले, टोपीवर पानांचा कचरा. दार सताड उघडं होतं तरी आत आला नव्हता.

आतून, स्वयंपाकघरातून बहिणीने विचारलं, “आलात का?”

“आलो.”

“तुला नाही रे दादा, यांना विचारतेय मी!”

धारवाल्याने तोंडही उघडलं नव्हतं. त्याने मेहुण्याकडे पाहिलं. मेहुणा आत आला, बूट काढले, ओळीत ठेवले.

“दमलात ना? माफ करा हो जावईबापू, गाडी जरा… कानस मिळाली का?”

मेहुण्याने त्याच्याकडे पाहिलं. दुसऱ्याच्या घरी पहिल्यांदा आलेला पाहुणा यजमानाकडे बघतो ना, तसं आदबीने. मग त्याने दोन्ही तळहात उघडून दाखवले. रिकामे होते.

“जाऊ द्या, उद्या बघू,” धारवाला म्हणाला. दोराने पडलेले घट्टे त्या तळव्यांवर दिसले नाहीत, पण दारातला दिवा मंदच होता.

४

बाकी सगळं ठीक होतं. म्हणजे तसं म्हणता आलं असतं. मेहुणा कामावर जायचा, दोर बांधायचा, डबा खायचा, यायचा. बोलायचा मात्र नाही. विचारलं की मान हलवायचा. बहिणीने हळद घातलेलं गरम पाणी दिलं, डॉक्टरने घशात बॅटरी मारून पाहिलं आणि काही नाही म्हणाला. फक्त हाक मारली की शब्द फुटायचा, तो एकच, आणि अगदी स्पष्ट. आणि दाराशी आला की हाक मारल्याशिवाय आत यायचा नाही.

एरवी झाडावर तळहात थोपटणारा माणूस आता नुसता दोर बांधून खाली उतरायचा. एका दुपारी त्याची गाठ सुटली. झाड भलतीकडे कललं आणि करवतवाला उडी मारून वाचला. करवतवाल्याने मेहुण्याला ठेवणीतल्या शिव्या दिल्या. मेहुणा ऐकत उभा राहिला. धारवाल्याने लगेच त्याची बाजू घेतली, “ताप आहे त्याला, सोड.” इतक्या तत्परतेने त्याने मेहुण्याची बाजू आजवर कधी घेतली नव्हती. मावशीने साल काढता काढता मान वर करून पाहिलं.

पुकाऱ्याला आणखी एक होऊ लागलं. मुकादम ‘दोरवाला’ म्हणायचा, मेहुणा ‘आलो’ म्हणायचा, आणि ट्रकमधली सगळी डोकी मेहुण्याकडे न वळता धारवाल्याकडे वळायची. मग ‘धारवाला’ म्हणून हाक यायची आणि आपली ओ तो घाईघाईने देऊन टाकायचा.

आता बघा, स्वतःचा आवाज माणसाला बाहेरून ओळखू येत नाही. एकदा बहिणीने फोनवर त्याचं बोलणं रेकॉर्ड करून ऐकवलं होतं तेव्हा त्याने विचारलं होतं, ‘हा कोण खोकड बोलतोय?’ आणि ती हसून हसून बेजार झाली होती. ते आठवून त्याने एका संध्याकाळी खोलीचं दार लावून घेतलं आणि फोनमधले बहिणीला बोलून पाठवलेले जुने निरोप काढले. एका निरोपात तो जिन्याखालून म्हणत होता, ‘आलो, ताट वाढ.’ त्याने तेवढाच तुकडा ऐकला. पुन्हा ऐकला. तेवढ्यात वर बहिणीने नवऱ्याला जेवायला हाक मारली आणि छतातून तोच तुकडा पुन्हा एकदा खाली आला.

तो स्वतःशी म्हणाला, भाऊ-मेहुणे एकत्र राहिले की एकमेकांसारखे बोलायला लागतात. सर्दीत सगळे आवाज सारखेच वाटतात. असं बरंच काही म्हणाला. त्या दिवशी मात्र तो वर जेवायला गेला नाही, पोट बिघडलंय म्हणून सांगितलं.

५

सकाळी बहीण खाली आली. हातात चहा होता, पण तो त्याला द्यायचं विसरून ती तशीच उभी राहिली.

“काय गं चिमणे?”

“दादा, एक बोलायचं होतं. सांगायला लाज वाटते.”

“अगं, माझ्यापाशी कसली लाज? तुझं शेंबडं नाक पुसलंय मी.”

ती हसली नाही. कपातल्या चहाकडे बघत बोलत राहिली. “हे शेजारी झोपलेले असतात. अंधारात भीती वाटली तर मी हळूच हाक मारते. नेहमीचीच सवय. ते ‘आलो’ म्हणतात. शेजारीच असतात तरी ‘आलो’ म्हणतात. आणि दादा… तो आवाज तुझा असतो.”

धारवाल्याने कानसपेटी उघडली, पुन्हा बंद केली.

“मी मधल्या खोलीत झोपते आता,” ती म्हणाली. “त्यांना सांगितलं, पाठ दुखते म्हणून. नवऱ्याला घाबरते मी, एवढा देवमाणूस माझा, आणि मी घाबरते. मलाच काहीतरी झालंय का रे? मी वाईट आहे का?”

हा क्षण होता. देवाने ताटात वाढून दिलेला क्षण. ‘तुला काही झालेलं नाही बाळा, मी केलंय,’ एवढं म्हणायचं होतं. त्याच्या तोंडाशी आलंही होतं. पण ती त्याच्याकडे ज्या नजरेने बघत होती, लहानपणी तापात बघायची तशी, ती नजर त्यानंतर त्याला कधी दिसली नसती.

“घसा बसलाय त्यांचा,” तो म्हणाला. “भास होतो असा. तू फार विचार करतेस.”

“हो,” ती म्हणाली. “तसंच असेल.” तिने कप खिडकीत ठेवला आणि ती वर गेली. चहावर साय धरेपर्यंत तो कपाकडे बघत बसला. त्याला स्वतःची शिसारी आली.

६

दुपारच्या सुट्टीत टोळी मोकळ्यावर डबे उघडून बसली होती. ऊन स्वच्छ होतं. ड्रायव्हर कोणाला तरी रंगवून सांगत होता की परवा एका प्रवाशाने त्याला या जंगलातल्या भुताबद्दल विचारलं, तर त्याने काय काय थापा ठोकल्या. मेहुणा समोरच बसून पाव चावत होता, एकसारखा, चवीकडे लक्ष नसल्यासारखा.

आणि लांबून, जुन्या तोडीच्या बाजूने, हाक आली.

“ओढा हो!”

खणखणीत. त्याआधी झाडावर तळहात थोपटल्याचा आवाजही झाला होता. धारवाल्याच्या हातातला घास तसाच राहिला. समोर मेहुणा पाव चावत होता. त्याने मानही वर केली नाही. करवतवाला डबा पुसत होता, ड्रायव्हर बोलत होता. कोणी ऐकलंच नव्हतं, की ऐकून न ऐकल्यासारखं करत होते, कोण जाणे.

मावशी उठून धारवाल्याशेजारी येऊन बसली. “ऐकलंस ना?”

“काय?”

“माझ्यापुढे नाटक नको. मला त्या दिवसापासून ऐकू येतंय.”

त्याने डब्याचं झाकण लावलं.

“मीही तेव्हाच ओरडायला हवं होतं,” मावशी म्हणाली. “गाडी थांबवा म्हणून. पण पाय दुखत होते, वाटलं, जाऊ दे, येईल ट्रॅक्टरवर. ट्रॅक्टर गेलेला मीही पाहिला होता रे बाबा. या वयात खोटं पचत नाही, छातीवर बसतं.”

“काय करू मावशी?”

“मला काय विचारतोस? मी लाकडाची सालं काढते, अंगारे-धुपारे करत नाही. पण पोर तिथे उभं आहे, त्याला वाटतंय गाडी थांबली असेल. ज्याने घाण केली त्याने निस्तरावी. आणि आधी तुझ्या बहिणीला सांग.”

“सांगतो,” तो म्हणाला.

“आज सांग.”

“आजच सांगतो.”

७

आता माणसाचं मन कसं असतं बघा. संध्याकाळी घरी जाऊन बहिणीपुढे उभं राहायचं या विचाराने त्याला डबासुद्धा संपवता आला नाही. आणि जंगलात एकट्याने शिरायच्या विचाराने मात्र त्याला जरा बरं वाटलं. त्याचा हिशेब सोपा होता. पुकारा व्हायच्या आत मेहुण्याला हाताला धरून फाटकापाशी आणायचं. ओ त्याची त्याने दिली की झालं, जे काही ट्रकमध्ये बसतंय ते बसायचं बंद होईल. मग बहिणीला काही सांगायचीच गरज नाही. ती म्हणेल, घसा सुटला वाटतं यांचा, आणि तो म्हणेल, बघ, मी म्हटलं नव्हतं?

काम आटोपलं. माणसं ट्रककडे निघाली. मेहुणा आपल्या जागी जाऊन बसला, ताडपत्रीच्या कडेला, धारवाल्याच्या जागेशेजारी. धारवाला मागे मागे राहिला आणि झाडांकडे वळला. मावशीने ट्रकवरून पाहिलं.

“धारवाल्या! अरे, मी मुकादमाला थांबायला सांगते.”

“नको!” तो जवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाला. “कोणाला काही बोलू नका मावशी. हात जोडतो. पुकाऱ्याच्या आत येतोच मी. उगाच चारचौघांत शोभा नको.”

मावशी काहीतरी बोलणार होती. मग तिने डोक्यावरचा रुमाल पुढे ओढला आणि मान खाली घातली.

जुनी तोड फार आत नव्हती. त्या दिवसांत जिथे बसून तो धार लावायचा तो बुंधाही तिथेच होता, भुशाने माखलेला. त्यापलीकडच्या झाडांना दोर बांधलेले होते. एका नाही, सगळ्या झाडांना, दिसत होतं तिथपर्यंत. गाठी त्याच्या ओळखीच्या होत्या, घट्ट आणि देखण्या. पण दोर असे काळे पडले होते आणि खोडांत इतके रुतले होते की वरून साल वाढली होती. त्याने एका दोराला बोट लावलं. दोर ताणलेला होता, पलीकडून कोणीतरी धरल्यासारखा.

“दोरवाला!” त्याने हाक मारली.

ओ आली. पण समोरून नाही. पाठीमागून, ट्रकच्या दिशेने आली, त्याच्याच आवाजात.

“आलो.”

ते नाव आता गेलं होतं, दुसऱ्याने घेतलं होतं. मग त्याच्या तोंडून, फाटकाच्या आत आजवर कधी न निघालेली हाक निघाली.

“जावईबापू! अहो, जावईबापू!”

जरा वेळ नुसती पानं हलली. मग झाडांच्या आडून, अगदी जवळून, तोच गरीब, घाईत असूनही सावकाश आवाज आला.

“दादा? थांबा हं, सापडली कानस. भुशात गेली होती. आलोच.”

धारवाला मटकन बुंध्यावर बसला. त्याला रडू फुटलं. “असू दे हो कानस! मसणात जाऊ दे! तुम्ही या आधी, चला, हात द्या!”

८

पावलं वाजू लागली. सावकाश, पानांवरून. येत होती, पण जवळ आली असं होत नव्हतं. तो दोरांमधून वाट काढत पुढे जायचा आणि पावलं तेवढीच लांब राहायची. “या ना,” तो म्हणत होता, “या ना लवकर,” आणि तिकडून उत्तर येत होतं, “हो दादा, हा काय.”

मागे मुकादमाचा आवाज उठला. पुकारा सुरू झाला होता. धारवाला जागीच थबकला आणि वळला. झाडांच्या फटीतून फाटक दिसत होतं, मुकादम दिसत होता, त्याचं तोंड सरळ याच्याच दिशेला. एवढं अंतर म्हणजे काहीच नव्हतं. त्याने दोन्ही हात हलवले. मुकादम त्याच्यातून आरपार बघावं तसा झाडांकडे बघत राहिला आणि हाका मारत राहिला.

“दोरवाला!”

“आलो.”

“धारवाला!”

त्याने छातीत श्वास भरून घेतला आणि ओरडायला तोंड उघडलं. त्याआधीच ट्रकमधून ओ आली.

“आलो!”

जराशी तिखट, स्वतःवर खूश असलेली. मुकादम क्षणभर थांबला. त्या दिवशी थांबला होता तसाच, आणि तसाच वळला नाही. ताडपत्रीच्या कडेला दोघं जण खांद्याला खांदा लावून बसले होते, आणि त्यांच्या शेजारी मावशी होती, रुमाल तोंडावर ओढून घेतलेली. धारवाला ओरडला. गळ्याच्या शिरा ताणून ओरडला, पण त्या आवाजाला आता मालक दुसरा होता आणि याच्या घशातून नुसता वारा निघाला. खांब खाली आला आणि गाडी सुटली.

घरी बहीण आज मधल्या खोलीतून हाक मारेल, ‘दादा, जेवायला ये रे.’ जिन्याखालून लगेच ओ जाईल. तिला काही शंका येणार नाही. तिला कोणी काही सांगितलेलंच नव्हतं.

ट्रकचा आवाज विरून गेला तेव्हा मागे पावलं थांबली होती. या वेळी खरंच जवळ. शेवटच्या खोडाआडून एक हात पुढे आला, तळव्याला घट्टे पडलेला. हातात कानस होती. मूठ कुजून गेली होती आणि पातं इतकं गंजलं होतं की कित्येक पावसाळे कोणीतरी ती तशीच धरून उभं असावं. बाकीचा माणूस खोडाआडच राहिला आणि धारवाल्याने पुढे होऊन बघितलं नाही.

“गाडी गेली का हो दादा?”

धारवाल्याने ओठ हलवले. आता आवाज निघाला, पण अगदी बारीक, स्वतःचाही न वाटणारा. “गेली.”

“हं.” मग मेहुण्याने, कोणाला दोष देतोय असं वाटू नये म्हणून जपून, विचारलं. “दादा, एक विचारू? त्या दिवशी मी इथेच होतो. मुकादमाने मला हाक मारलेली ऐकली मी. ओ देणार, तेवढ्यात माझी ओ कोणीतरी दिली. कोण होतं हो ते? आवाज ओळखीचा वाटला.”

धारवाल्याने हात पुढे करून कानस घेतली आणि मान खाली घातली.